डोळे मिचकावणारा मुलगा

नीरा-भीमेच्या संगमावरील आमच्या नरसिंहपुरास कुलधर्मासाठीं दूरदूरचीं कुटुंबें येतात. त्यांत एखादा आठ-दहा वर्षांचा मुलगा सारखा डोळे मिचकावतांना, मान झटकतांना किंवा घसा खाकरतांना दिसतो, आणि वडील मंडळी चारचौघांत त्याला दटावीत असतात. ‘घटकाभर थांबवितां येतें, मग पुन्हां करतोस कशाला?’ प्रश्न वाजवी दिसतो. उत्तर मात्र बिचाऱ्या मुलाजवळ नसतें.

पाश्चात्त्य वैद्यक या विकारास ‘टिक’ म्हणतें. असे अनेक झटके व त्यांच्या जोडीस एखादा आवाज वर्षाहून अधिक काळ राहिला, तर त्यास टूरेट या फ्रेंच वैद्याचें नांव देतात. त्यानें १८८५ सालीं अशा नऊ रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. मेंदूच्या अंतर्भागांत हालचालींची निवड करणारीं केंद्रें आहेत. तेथून नको ती हालचाल निसटते. तत्पूर्वीं, शिंक येण्याआधीं नाकांत हुळहुळावें तशी, एक ओढ पुष्कळांस जाणवते. ती दाबतां येते, पण थोडा वेळच, आणि त्यासाठीं कपाळामागील भागास श्रम पडतात. शाळेंत आवरून धरलेला मुलगा घरीं येऊन मोकळा सुटतो, आणि घरच्यांस वाटतें, हा मुद्दाम करतो!

२००६ सालीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनीं अशा मुलांची एक परीक्षा प्रसिद्ध केली. दृष्टि कधीं खुणेकडे न्यावयाची, कधीं उलट दिशेस. हुकूम मधूनच बदलावयाचा. या कामांत त्यांच्या चुका इतर मुलांपेक्षां कमी झाल्या. परीक्षा लहान होती, तिच्यावर फार मोठी इमारत उभारूं नये. तरी ज्यास आपण निग्रहहीन म्हणतों त्याची निग्रहाची तालीम दिवसभर चालू असते, एवढें मानावयास आमची हरकत नाहीं.

कित्येक मुलांत दहा-बारा वर्षांच्या सुमारास हा विकार बळावतो व तारुण्यांत पुष्कळ ओसरतो. नवस बोलावयाचा तर अवश्य बोलावा. येथील देव बापाच्या छळांतून पोराला सोडविणाराच आहे. परंतु मेंदूच्या वैद्यासही दाखवावें. १२६ मुलांवरील अमेरिकन प्रयोगांत (२०१०) दहा आठवड्यांच्या शिकवणीनें निम्म्याहून अधिक मुलें सुधारलीं. नुसत्या धीराच्या गोष्टी ऐकलेल्यांत हें प्रमाण पांचांत एकाहूनही कमी होतें. ओढ ओळखावी आणि झटक्याच्या जागीं दुसरी क्रिया करावी, अशी ती शिकवणी: मान झटकूं पाहील तेव्हां हनुवटी किंचित् खालीं घेऊन मान हलकेच ताठ धरावी, घसा खाकरूं पाहील तेव्हां संथ श्वास घ्यावा. ती जाणत्याकडूनच घ्यावी; घरच्यांनीं झटके मोजीत बसूं नये.