सात करवंट्या आणि एकशे अडुसष्ट बाटल्या

मा. आयुक्तसाहेब,

१४ जुलै, २ सप्टेंबर, २० नोव्हेंबर. तिन्ही पत्रांवर तुमच्या आवक विभागाचा शिक्का आहे आणि तिन्हींची पोच माझ्या फाइलला लावलेली आहे. उत्तर आलं ते फक्त दुसऱ्या पत्राला, तेही एका वाक्याचं: वडीचा साबण अनेकांच्या हाताला लागत असल्याने अस्वच्छ असतो, सबब शाळांनी पुरवठा केलेला हॅन्डवॉशच वापरावा. खाली सही आहे, सही करणाऱ्याचं नाव नाही. म्हणून हे चौथं पत्र सगळ्यांच्या देखत लिहिते आहे.

मी तुमच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझी मुलगी तिथे चौथीत शिकते. पट ४१२, हात धुवायला नळ सात. मागच्या वर्षापर्यंत प्रत्येक नळाशेजारी अर्धी करवंटी सुतळीने टांगलेली असायची. तिच्या बुडाला तीन भोकं, आत नारळाच्या शेंडीची चुंबळ आणि तिच्यावर साबणाची वडी. पाणी निथळून जायचं, वडी कोरडी राहायची, तिचा लगदा होत नसे. या साबणदाण्या एका पालकाने ड्रिल मशीन आणून अर्ध्या तासात करून दिल्या होत्या. खर्च सुतळीचा. कागदात गुंडाळलेल्या ७५ ग्रॅमच्या वड्या आम्ही मुद्दाम शोधून आणायचो. आठवड्याला तेरा लागायच्या, महिन्याला ५२. वीस रुपयांप्रमाणे १,०४० रुपये.

जूनमध्ये तुमचं परिपत्रक आलं आणि करवंट्या उतरवाव्या लागल्या. त्यांच्या जागी महिन्याला २०० मिलिलिटरच्या २४ पंपाच्या बाटल्या येऊ लागल्या.

आता हिशेब बघा. पंप एकदा दाबला की साधारण दीड मिलिलिटर साबण येतो. ४१२ मुलांनी खिचडीआधी एकेकदाच दाबला तरी सहाशे मिलिलिटरच्या वर जातो, म्हणजे दिवसाला तीन बाटल्या. २४ बाटल्या आठ दिवसांत संपतात. प्रत्यक्षात पाच-सहाच दिवस पुरतात, कारण पहिलीतल्या पोरांना पंप एका हाताने दाबवत नाही. ती दोन्ही हातांनी जोर लावतात आणि साबण हातावर पडण्याऐवजी बेसिनमध्ये पडतो. मी नळापाशी उभी राहून हे रोज बघितलंय. महिनाभर पुरवायचं तर ७५ बाटल्या लागतील. छापील किंमत नव्वद रुपये धरली तर ६,७५० रुपये होतात. तुम्ही देता त्या २४ बाटल्यांचे २,१६० होतात, म्हणजे वड्यांच्या दुप्पट, आणि महिन्याचे उरलेले अठरा-एकोणीस दिवस मुलं नुसत्या पाण्याने हात धुऊन जेवायला बसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवर जीएसटी पाच टक्के आहे आणि द्रव साबणावर अठरा. तुमच्या लेखा विभागाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

बाटली संपत आली की मुलं तिच्यात नळाचं पाणी भरतात. शिक्षक ओरडतात, पण मुलं तरी काय करणार? आणि तुम्ही म्हणता, वडी अस्वच्छ!

साहेब, जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची हात धुण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. ती दवाखान्यांसाठी आहेत, शाळेपेक्षा कितीतरी कडक. त्यांत द्रव साबणाबरोबर वडीही चालते असं स्पष्ट म्हटलंय. अट एवढीच, की वड्या लहान असाव्यात आणि पाणी निथळून त्या वाळतील अशा जाळीवर ठेवाव्यात. आमची भोकं पाडलेली करवंटी वेगळं काय करत होती? अर्धवट रिकाम्या बाटलीत पुन्हा भर घालू नका, हेही त्याच तत्त्वांमध्ये आहे. १९८८ साली अमेरिकेत वड्यांवर मुद्दाम भरपूर जंतू सोडून सोळा जणांना त्याच वड्यांनी हात धुवायला लावले होते. एकाच्याही हातावर ते जंतू सापडले नाहीत. तो प्रयोग साबण कंपनीच्या प्रयोगशाळेतला होता, हे मी लपवत नाही. तुमच्या त्या एका वाक्यामागे कोणता प्रयोग आहे, हे मी दोनदा विचारलं. उत्तर नाही.

आणि आता त्या बाटल्या. शाळेच्या कोठीत जून ते डिसेंबरच्या १६८ रिकाम्या बाटल्या पोत्यांत भरून ठेवल्या आहेत. खिचडीचे तांदूळ मोजायच्या काट्यावर मी दहा बाटल्या तोलल्या, तर एक भरली २८ ग्रॅमची. एकूण पावणेपाच किलो प्लॅस्टिक झालं, तेही फक्त एका शाळेचं. भंगारवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, बाटल्या नेतो, डोकी तुम्हीच ठेवा. का, ते बघायला मी आणि माझ्या मुलीने एक पंप उकलला. वरचं डोकं, गळ्याची रिंग, लांब नळी, पोलादी स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी. सगळं एकमेकांत असं बसवलेलं, की पक्कड लागली. हे सुटं करत कोण बसणार आणि त्याला मोबदला कोण देणार? ती १६८ डोकी शेवटी तुमच्याच घंटागाडीतून तुमच्याच कचरा डेपोवर जाणार. ईटीएच झुरिचच्या संशोधकांनी २००९ मध्येच मांडलं होतं, की वडीच्या तुलनेत द्रव साबणाच्या वेष्टनाला वीस पटींच्या आसपास ऊर्जा लागते.

२३ मार्च २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड. आमच्या कोपऱ्यावर मेथीच्या जुड्या विकणाऱ्या मावशींनी पातळ पिशव्या ठेवल्या म्हणून तुमच्या पथकाने तो वसूल केला, माझ्यासमोर. त्यांच्या दोन आठवड्यांच्या कमाईएवढी ती रक्कम होती. पंपाच्या बाटल्या त्या बंदीत येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ज्या मुलांकडून तुम्ही दरवर्षी प्लॅस्टिकमुक्तीची शपथ म्हणून घेता, त्यांच्या हातात महिन्याला २४ बाटल्या तुम्हीच देता. वडी चालत असताना बाटल्यांची खरेदी कोणाच्या टिपणीवरून सुरू झाली? दर कोणी ठरवला? शाळांना विचारलं का? आम्हाला तरी कोणी विचारलं नाही.

माझी मागणी एवढीच आहे. परिपत्रक मागे घ्या आणि साबण कोणता घ्यायचा हे शाळा व्यवस्थापन समित्यांना ठरवू द्या. पुरवठ्याच्या २,१६० रुपयांतले निम्मे दिले तरी आमचा महिना निघतो.

करवंट्या मी घरी धुऊन, पुसून ठेवल्या आहेत. सातही शाबूत आहेत, सुतळी तेवढी नवी लागेल. कोठीची किल्ली मोठ्या बाईंकडे आहे. बाटल्या न्यायला कोणाला पाठवताय, ते कळवा.

अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती