पोट फाडण्याआधी

धंतोलीत डॉक्टरांच्या पाट्या इतक्या, की इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं : खांदा दुखतो म्हणून कोणी मेंदू काढून टाकत नाही. पण जुनं व्हिडिओ गेमचं कपाट हाती आलं, की आमचे हौशी सर्जन थेट पोटच फाडतात! पिक्चर ट्यूब बाहेर, मूळ सर्किट भंगारात. आत तळहाताएवढा संगणक आणि सपाट पडदा. वर पुतण्या ऐटीत सांगतो, "काका, आता यात हजार गेम चालून राहिले!"

चालतील हो. पण जो होता, तो गेला त्याचं काय? १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. शत्रू मरत गेले, की उरलेले जोरात पळत. कारण चित्रं कमी झाली, की प्रोसेसरचं ओझं हलकं होई. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ती खोड तशीच ठेवली, आणि तीच खेळाची जान ठरली. पडदा काळा-पांढरा, रंग सेलोफेनच्या पट्ट्यांचे! सगळी गंमत त्या गरीब यंत्रातच होती. ते काढल्यावर उरलं काय? प्लायवूड!

हजार गेम हवेत ना? मग सुताराला बोलवा, नवं कपाट करा, त्यात खुशाल संगणक बसवा. जुन्याची बटणं झिजली तर बटणं बदला. त्याच्या ट्यूबला मात्र जाणकाराशिवाय हात लावू नका. वीज बंद केल्यावरही ती झटका राखून असते. म्हाताऱ्याकडे तेवढा तरी स्वाभिमान असणारच!