मशीन नवं, मग जुन्या सीडीचं काय?

मिक्सर जळाला की आपण दुकानात जातो. त्याच कंपनीचा नवा मिक्सर घेतो, तरी घरातली तीन धडधाकट भांडी त्यावर बसत नाहीत. ती माळ्यावर जातात. टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. मैत्रिणींनो, मुलांच्या व्हिडिओ गेमच्या मशीनचं नेमकं हेच चाललं आहे. फक्त तिथलं एकेक 'भांडं' चार-पाच हजारांचं असतं.

हा विषय बायकांच्या पुरवणीत कशाला, असं कुणी म्हणेल. पण दहावीला चांगले टक्के पडले तर मशीन घेऊ, असं मुलाला कबूल करून बसलेल्या घरात भिशीचे पैसे बाजूला कोण ठेवतं? प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. तेव्हा सीडी लागणारं मशीन ४९,९९० रुपयांना होतं आणि सीडी न लागणारं ३९,९९० रुपयांना. त्यावरचा एखादा मोठा नवा गेम ४,९९९ रुपयांचा. म्हणजे दहा गेम घेतले की मशीनइतकेच पैसे पुन्हा गेले. उद्या पुढचं मशीन आलं आणि त्यावर हे दहाही चालले नाहीत तर? मुलांनी खेळावं किती, हा वेगळा वाद आहे आणि तो आपण घरोघरी रोज घालतोच. इथे प्रश्न पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचा आहे.

कंपन्यांना हे जमत नाही असं मुळीच नाही. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वर आधीच्या मशीनच्या सीडी सर्रास चालायच्या. ते मशीन जगभर पंधरा कोटींहून जास्त खपलं. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं, तेव्हा सुरुवातीच्या मशीनमध्ये कंपनीनं चक्क जुन्या मशीनची चिपही बसवली होती. पुढे किंमत खाली आणायची म्हणून ती काढून टाकली. नाव तेच, पण नंतरच्या मशीनवर प्लेस्टेशन २ च्या सीडी बंद! २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वर तर तिसऱ्याचीही सीडी चालेना. त्यात तांत्रिक अडचण खरी होती, कारण तिसऱ्या मशीनचा प्रोसेसर अगदी निराळ्या घडणीचा होता. पण गिऱ्हाईक कुरकुरलं आणि समोरच्या दुकानानं जास्त दिलं की अडचणी सुटतात, हेही दिसलं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये एक्सबॉक्स वनवर आधीच्या मशीनचे गेम चालवायला सुरुवात केली. प्लेस्टेशन ५ वर चौथ्याचे जवळजवळ सगळे गेम चालतात. निन्टेन्डोचं २०१७ चं स्विच जुनं काहीच घेत नव्हतं, पण जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर स्विचचे बहुतेक गेम चालतात.

मग मधली वर्षं का गेली? माझं मत विचाराल तर, जुनंच पुन्हा विकता येतं म्हणून. 'द लास्ट ऑफ अस' हा गाजलेला गेम २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला, २०१४ मध्ये घासूनपुसून चौथ्यावर आणि २०२२ मध्ये नव्यानं बांधून पाचव्यावर. साडी तीच, फॉल-पिको नवा आणि बिल पुन्हा वेगळं.

सगळाच दोष कंपनीला देता येणार नाही. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम होते, आठवतं? कॅसेट चालली नाही की मुलं तिच्यात फुंकर मारायची. त्यातला बंदुकीनं बदकं मारायचा खेळ आजच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही, कारण ती बंदूक जुन्या डब्बा टीव्हीच्या पडद्यावर अवलंबून होती. काही गोष्टी काळाबरोबर जातात.

यावर एक सल्ला नेहमी मिळतो, की जुने गेम खेळायचे तर जुनं मशीन सांभाळून ठेवा. असं सांगणारा माणूस जुलैमध्ये लोणावळ्यात राहिलेला नसणार. इथे कपाटातल्या चामडी चपलेला बुरशी येते, पापड सादळतात, वीज दिवसातून चारदा जाते-येते. सीडी वाचणारी ती नाजूक काच आणि आतले पंखे किती पावसाळे काढणार? बरं, बिघडलं तर कंपनीनं त्याचे भाग बनवणं कधीच थांबवलेलं असतं. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण भागच मिळत नसेल तर कारागीर काय करणार?

आमच्या सामाजिक कामात याची दुसरी बाजू दिसते. लोणावळा-खंडाळ्याचे बंगले विकले जातात, रिकामे होतात, तेव्हा पुण्या-मुंबईची मंडळी बरंच सामान आमच्याकडे देतात. गाद्या, भांडी, पुस्तकं. कामशेतच्या पुढच्या एका वाडीतल्या अभ्यासिकेसाठी असंच एक गेमचं मशीन आलं, अगदी सुस्थितीत. मुलं तर उड्याच मारायला लागली. लावून बघितलं तर गेम एकही नाही. देणाऱ्या बाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, "अहो, गेम सगळे मुलानं नेटवरून घेतलेत, त्याच्या खात्यावर. ते दुसऱ्याला देता येत नाहीत म्हणे." कुणीतरी दुसऱ्यानं बारा सीडी दिल्या होत्या, त्या त्याच कंपनीच्या, पण आधीच्या मशीनच्या. मशीन एकीकडे, सीडी दुसरीकडे. त्याच खेपेला आलेली गोष्टीच्या पुस्तकांची पेटी मात्र संध्याकाळपर्यंत रिकामी झाली. आपल्याकडे थोरल्याचं दप्तर धाकट्याला, धाकट्याचं मावशीच्या मुलाला, असंच घर चालतं. हजारो रुपये मोजून घेतलेली वस्तू पुढे देताच येत नसेल, तर ती विकत घेतली असं म्हणायचं तरी कसं?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यालाही पडला. तिथे २०२५ पासून कायदा आहे. नेटवरून गेम विकताना 'खरेदी करा' म्हणायचं असेल, तर गिऱ्हाइकाला फक्त वापरायचा परवाना मिळतो आहे, हे दुकानानं स्पष्ट सांगायला हवं. युरोपात त्याहून पुढची मागणी आहे. 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून संपवून टाकला. सीडी हातात असलेल्यांनाही तो खेळता येईना, एकट्यानंसुद्धा. त्यावरून सुरू झालेल्या मोहिमेला युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. डब्यावर वजन, किंमत, तारीख छापायची सवय आपण दुकानदारांना लावली, तसं 'यावर आधीचे कोणते गेम चालतील' हेही छापून घ्यायला काय हरकत आहे?

आणि हे फक्त परदेशी खेळांचं नाही. २००९ मध्ये हैदराबादला बनलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' प्लेस्टेशन २ वर आला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता. आज या सीडी प्लेस्टेशन ४ किंवा ५ मध्ये घाला, मशीन त्यांना ओळखतच नाही. आपल्या मुलांना आपलेच खेळ पडद्यावर दाखवणारे गेम, आणि वीस वर्षंही झाली नाहीत!

जपलं नाही की काय होतं, हे पुण्याला सांगायला नको. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, त्याची मोजकीच रिळं आज उरली आहेत. १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत मिळत नाही. चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, म्हणून पुढचं बरंच वाचलं. तरी जानेवारी २००३ च्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्याच. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाला प्रती सरकारी ग्रंथालयांना द्याव्या लागतात. गेमला त्या कायद्यात जागा नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीत तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाल्याचं आढळलं. तरीही संशोधकांना ग्रंथालयातले जुने गेम घरबसल्या उघडता यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं २०२४ मध्ये फेटाळली.

बचतगटाच्या बैठकीत हे सगळं बोलत होते, तर एकीनं विचारलं, "ते राहू द्या ताई, दिवाळीला घ्यायचं की नाही ते सांगा." मी म्हटलं, घे. पण सीडी घालायची सोय असलेलंच घे, थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील. घरातल्या जुन्या सीडी पिशवीत घालून दुकानात ने आणि पैसे द्यायच्या आधी तिथेच लावून बघ. दुकानदार म्हणाला, "चालतात हो वहिनी," तर ते बिलावर लिहून घे.