मोर्चानंतर महाविद्यालयांनी काय करायचे?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटच्या नंदोरी चौकात ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवून देण्यात आले. ती रोज आपल्या गावाहून येऊन महाविद्यालयाकडे पायी जात असे. हल्लेखोर तिच्याच गावचा होता आणि तिला आधीपासून त्रास देत होता. सात दिवसांनी, १० फेब्रुवारीला, नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

त्या आठवड्यात शहर बंद राहिले, विद्यार्थिनी रस्त्यावर उतरल्या, आरोपीला फाशी द्या ही मागणी जिल्ह्याबाहेरही पोहोचली. तो संताप खरा होता आणि त्याने सरकारला हलवले. पण मोर्चा, श्रद्धांजली आणि निवेदन एवढ्यावर महाविद्यालयाचे काम संपत नाही. हल्ल्याची चाहूल आधी कोणाकोणाला लागली होती, आणि हल्ल्यानंतर वर्गात बसलेल्या मुलामुलींचे पुढे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही न्यायालयात मिळत नाहीत. ती प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनीच द्यायची असतात.

या बाबतीत अतिशय तपशीलवार चौकशी झाली ती अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबाराची. १६ एप्रिल २००७ रोजी तेथे एका विद्यार्थ्याने ३२ जणांचे प्राण घेतले आणि मग स्वतःवर गोळी झाडली. मृतांमध्ये जलविज्ञान शिकवणारे तामिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनीही होती. सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. विद्यार्थ्यांना सावध करणारा पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आतच नॉरिस हॉलमधील वर्गांवर हल्ला सुरू झाला. खोली क्रमांक २०५ मधील विद्यार्थ्यांनी दाराला टेबल लावून ते आतून दाबून धरले. दारातून गोळ्या आल्या, पण त्या वर्गातला एकही जण दगावला नाही. शेजारच्या २०४ मध्ये ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिऊ लिब्रेस्कू यांनी दार अडवून धरले आणि विद्यार्थ्यांना खिडकीतून उड्या मारायला सांगितले. बरेच विद्यार्थी वाचले, लिब्रेस्कू गेले.

हे शौर्य जगभर सांगितले गेले. मात्र चौकशी समितीने ऑगस्ट २००७ मध्ये पुढे आणलेली बाब अधिक महत्त्वाची आहे, कारण ती कोणत्याही महाविद्यालयाला लागू पडते. हल्लेखोराबद्दल दीड वर्ष आधीपासून अनेकांना बरेच काही माहीत होते. कवयित्री निक्की जिओव्हानी यांनी २००५ मध्येच त्याला आपल्या वर्गातून काढण्याचा आग्रह धरला होता. विभागप्रमुख लुसिंडा रॉय यांनी त्याला स्वतंत्रपणे शिकवले आणि त्याच्याविषयीची काळजी विद्यापीठातील संबंधितांना कळवली. दोन विद्यार्थिनींनी त्याच्या त्रासदायक संदेशांबद्दल पोलिसांकडे तक्रार केली होती. डिसेंबर २००५ मध्ये त्याला मानसोपचार घेण्याचा आदेशही झाला होता. प्राध्यापक, विद्यार्थिनी, पोलीस, समुपदेशक अशा प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा होता. ते तुकडे एका टेबलावर कधी आले नाहीत. खासगीपणाच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून लोक गप्प राहिले, असे समितीने नोंदवले. पुढच्याच वर्षी व्हर्जिनिया राज्याने सरकारी विद्यापीठांना अशी माहिती एकत्र करून धोका ओळखणारे पथक नेमणे कायद्याने बंधनकारक केले.

आपल्याकडे बंदुका सहज मिळत नाहीत, म्हणून ही तुलना गैरलागू ठरत नाही. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून एका विद्यार्थिनीला जाळण्यात आले, तेव्हा वर्गात पर्यवेक्षक होते आणि इतर मुलेही होती. महाराष्ट्रातील अशा हल्ल्यांत हत्यार पेट्रोल, कोयता किंवा चाकू असते. त्याआधीचा पाठलाग, धमक्या आणि मैत्रिणींना माहीत असलेला त्रास मात्र सारखाच असतो. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. पण पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे. म्हणजे तक्रार झाल्यावर चार दिवसांत तोच माणूस पुन्हा त्याच बसथांब्यावर उभा राहू शकतो. तक्रार घेऊन मुलीला घरी पाठवणे ही अर्धवट मदत आहे, आणि अर्धवट मदत अशा वेळी धोका वाढवते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्यासमोर येतो तो संस्थेतला छळ. गावातला, घराजवळचा, एसटीतला त्रास आपल्या कक्षेत येत नाही असे म्हणून अनेकदा हात झटकले जातात. हिंगणघाटची प्राध्यापिका मरण पावली ती फाटकाबाहेरच्या रस्त्यावर झालेल्या हल्ल्याने. हिंगणी, सेलू किंवा समुद्रपूरकडून शिकायला निघणाऱ्या मुलीचा दिवस पहाटेच्या बसथांब्यावर सुरू होतो. तेथे ती एकटी असेल तर कॅम्पसवरचे सीसीटीव्ही कॅमेरे तिच्या काहीच उपयोगाचे नाहीत. त्रास सांगणाऱ्या मुलीसोबत पोलीस ठाण्यात एक प्राध्यापक जाणे, तिच्या येण्याजाण्याची वेळ बदलून देणे, त्याच बसने येणाऱ्या मुलींचा गट करणे, पालकांशी बोलताना तिचे शिक्षणच बंद पडणार नाही याची काळजी घेणे, ही कामे कोणत्याही अनुदानाविना होतात. यातली शेवटची बाब सर्वांत अवघड. कॉलेज सुटेल या भीतीने मुली घरी सांगत नाहीत, हे प्रत्येक प्राध्यापिकेला ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न हल्ल्यानंतरच्या वर्गाचा. सुटी संपते, हजेरी घेतली जाते, आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून फळ्यावर थेट पुढचा धडा येतो. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या वर्गांविषयी थेरेस ह्युस्टन आणि मिकेले दिपिएत्रो यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा शिक्षकाने केलेली जवळपास कोणतीही कृती त्यांना आधाराची वाटली होती. दोन मिनिटे स्तब्ध राहणे, मुदत वाढवून देणे किंवा नुसते ‘बोलायचे असेल तर या’ म्हणणेही त्यांना पुरले. निरुपयोगी वाटले ते काहीच न बोलता शिकवणे. शिक्षक मानसोपचारतज्ज्ञ नसतो आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसते. त्याने घटनेचा उल्लेख करावा, एवढीच अपेक्षा असते. व्हर्जिनिया टेकमध्ये वर्ग आठवड्याने सुरू झाले आणि तोवर मिळवलेल्या गुणांवर सत्र संपवण्याची मुभा विद्यार्थ्यांना देण्यात आली. परीक्षेच्या बाबतीत अशी लवचीकता आपली विद्यापीठेही दाखवू शकतात.

येथे तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा विचार आवर्जून व्हायला हवा. त्यांना घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. सहकारी गमावलेल्या माणसाला शोकासाठी घेतलेल्या दिवसाची किंमत खिशातून मोजावी लागणे अन्यायाचे आहे. त्यातही तरुण प्राध्यापिका विद्यार्थिनींना वयाने सर्वांत जवळच्या असतात आणि मुली मन मोकळे करतात ते त्यांच्यापाशीच.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमण्याचा आदेश दिला आहे. त्यापेक्षा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी संधान ठेवायचे आहे. वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने येत्या सत्राआधी तीन गोष्टी लेखी आदेशाने कराव्यात: प्रत्येक महाविद्यालयात त्रासाची माहिती एकत्र करणारी प्राध्यापक-विद्यार्थ्यांची समिती, तिच्या कक्षेत गाव ते वर्ग हा संपूर्ण रस्ता, आणि दुर्घटनेनंतर बुडालेल्या तासांचे तासिका प्राध्यापकांना मानधन. आदेशाची वाट न पाहता प्राचार्यांनी सुरुवात केली तरी त्यांना कोणी अडवणार नाही.

— एक वाचक, हिंगणी (ता. सेलू, जि. वर्धा)