नळीला नस म्हणू नये

"मराठीत टेक्निकल शब्दच नाहीत रे. साध्या पाईपला काय म्हणणार?"

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कधी ना कधी ऐकलेलं असतं. नाहीतर स्वतःच टाकलेलं असतं. मग कुणीतरी 'जलवाहिनी' म्हणतो, दुसरा 'अग्निरथ' वगैरे जुनाट विनोद काढतो, सगळे हसतात, चहा संपतो आणि विषयही संपतो. या शनिवारी मला तो विषय संपवायचा नाहीये. जरा वाढवायचा आहे. कारण या हसण्यामागे एक गोष्ट दडलीय, आणि ती अजिबात हसण्यासारखी नाही.

पाईपला मराठीत काय म्हणणार? अरे भाऊ, आधी सांग तरी, कुठला पाईप?

चुलीत फुंकायची ती फुंकणी. बंदुकीची, सलाईनची आणि मटणातली ती नळी. अश्रुधुराचं असतं ते नळकांडं. कागद गुंडाळला की सुरळी, अंथरूण गुंडाळलं की वळकटी. पत्र्यावरचं पाणी जिच्यातून उतरतं ती पन्हळ, रस्त्याखालून पाणी जातं ती मोरी, डोंगरातून रस्ता जातो तो बोगदा. आई आणि बाळाला जोडते ती नाळ. वाजवायची ती पुंगी किंवा पिपाणी. मक्याचं कोवळं पान उलगडण्याआधी गुंडाळलेलं असतं तो पोंगा. आणि 'पाईप' तर आहेच. त्याला मराठी होऊन इतकी वर्षं झाली की त्याचं अनेकवचनसुद्धा आपण आपल्या पद्धतीने करतो. चार पाईप आणले, पाईप्स नाही.

आता बघा, यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चुलीची पन्हळ होत नाही आणि बंदुकीची सुरळी होत नाही. म्हणजे शब्द कमी नाहीत, उलट भरपूर आहेत. आणि प्रत्येक शब्द आकार, वापर, कडकपणा असं काहीतरी नेमकं सांगतोय. आपल्या भाषेत सांगायचं तर टाईप सिस्टीम उत्तम आहे, आपणच सगळीकडे 'ऑब्जेक्ट' लिहून मोकळे होतोय.

बरं, ज्या इंग्रजीचा एवढा दरारा वाटतो तिथे काय आहे? 'पाईप' हा शब्द लॅटिनमधल्या चिवचिव करणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला. म्हणजे आधी वाजवायची पिपाणी, मग पाण्याचा नळ. 'कॅनाल' आणि 'चॅनल' हे दोन्ही शब्द मुळात वेताच्या, बोरूच्या पोकळ कांडीवरून आले. आपला 'नळ' तरी दुसरं काय? संस्कृतात 'नल' म्हणजे तीच बोरूची जात. नदीकाठी उगवणाऱ्या गवताच्या कांडीवरून नळ, त्यावरून नळी, मग पाण्याचा नळ, पुढे त्याची तोटी म्हणजेही नळ, आणि शेवटी तर पाणी म्हणजेच नळ! ज्या गावाने पाण्यासाठी दोन-दोन, चार-चार दिवस वाट पाहिलीय तिथल्या माणसाला विचारा. जळगाव असो की धुळे, "आज नळ आहे का?" हा प्रश्न तोटीविषयी नसतो. तोटी भिंतीत रोजच असते.

युनिक्समधला पाईप तर आपण रोज वापरतो, ती उभी रेघ. डग मॅकिलरॉयने १९६४ मध्ये बेल लॅब्जमधल्या एका टिपणात ही कल्पना मांडली तेव्हा बागेत पाणी घालायच्या नळीचीच उपमा दिली होती. एका तुकड्याला दुसरा तुकडा जोडायचा तसा प्रोग्रामला प्रोग्राम जोडायचा. १९७३ मध्ये केन थॉम्पसनने ते प्रत्यक्षात आणलं. त्याने त्यासाठी ग्रीक-लॅटिनचा कोश उघडून भारदस्त शब्द शोधला नाही. प्लंबरच्या दुकानातला शब्द उचलला आणि काम सुरू केलं.

मराठीत असं कुणी केलंय का? केलंय की! आणि त्यासाठी पुण्या-मुंबईच्या कुठल्या समितीकडे जायला नको, तापी खोऱ्यात जा.

पण जाता जाता धुळ्याला थांबू. इतिहासाचार्य राजवाड्यांची अखेर इथे झाली, ३१ डिसेंबर १९२६ ला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. या माणसाने मराठी क्रियापदांची मुळं खणत किती वर्षं घालवली! त्यांचा धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्त्या आज कुणी मान्य करणार नाही, पण मराठी शब्दाकडे बघायचं तर त्याच्या धातूकडे बघा, ही त्यांची खोड मला फार आवडते. कारण मराठी आपली अवजारं अशीच घडवते. चाळते ती चाळणी, गाळते ती गाळणी, फुंकायची ती फुंकणी, लाटायचं ते लाटणं. क्रियापद उचलायचं, शेवट जरा बदलायचा, झालं नाव. बघणाऱ्याला नाव कळलं की काम कळतं. वेगळं मॅन्युअल लागत नाही.

आता जळगाव. १९८० च्या दशकात भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने आधी पीव्हीसी पाईप आणि मग थेंबाथेंबाने पाणी देणारी यंत्रणा शेतात नेली. तंत्र इस्राएलकडून आलेलं, तिथे १९६५ पासून त्याचा धंदा सुरू झालेला. इतकं परकं, इतकं नवं तंत्र. त्याला मराठीत नाव काय मिळालं? 'ठिबक'. ठिबकतं ते ठिबक. 'सिंचन' नावाचं शेपूट कागदावर राहिलं, शेतात ते केव्हाच गळून पडलं. रावेर-यावलचा केळीवाला "ठिबक टाकलंय" म्हणतो, बस्स. शाळेत न गेलेल्या माणसालाही पहिल्यांदा ऐकताक्षणी कळलं की ही वस्तू काय करते. आणि जे करत नाही तेही कळलं: ती वाहत नाही, फवारत नाही, ठिबकते.

त्याच्या आतले शब्दही बघा. मोठा कडक असतो तो पाईप. त्याला जोडलेली, वळणारी, सोळा एमएमची ती नळी. तिला कृषीवाले 'उपनळी' म्हणतात, शेतकरी 'लॅटरल'ही म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. थेंब जिथून पडतो तो ड्रिपर, त्याला शेतीच्या पुस्तकांत 'तोटी' म्हटलेलं मी वाचलंय. इंग्रजी, मराठी, सगळं एकत्र नांदतंय. समजा उद्या मला ठिबकचं मोबाईल ॲप करायचं आहे आणि त्यात मी लिहिलं, 'उपनलिकेचे अंत्य टोक अनावृत करून प्रक्षालन करावे'. तर नळीत क्षार साचून तोट्या बंद पडतील आणि शिव्या मला बसतील. त्याऐवजी 'नळीचं शेवटचं तोंड उघडा, पाणी जोरात सोडा, कचरा निघून जाऊ द्या' असं लिहिलं की काम झालं.

दुसरं उदाहरण पोंग्याचं. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा दिसली २०१८ साली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मक्यातही पोचली. ही अळी लपते कुठे? गुंडाळलेल्या कोवळ्या पानांच्या आत, वरून. फवारा बाहेरच्या पानांवर मारला तर पैसे पाण्यात. तेव्हा सल्ला देणाऱ्यांनी 'पर्णचक्र' वगैरे काही म्हटलं नाही. 'औषध पोंग्यात पडलं पाहिजे' म्हणाले. एका शब्दात जागा, आकार आणि नेम, तिन्ही आलं. शास्त्रज्ञांनी शेतकऱ्याचाच शब्द शेतकऱ्याला परत दिला.

आता उलट बाजू. आपले शब्द घडवणारे लोक एकदा 'वाहिनी'च्या प्रेमात पडले ते पडलेच. जलवाहिनी, रक्तवाहिनी, वीजवाहिनी, वृत्तवाहिनी, शववाहिनी... पाणी, रक्त, वीज, बातम्या आणि मयत, सगळं एकाच प्रत्ययातून वाहतंय. वाहिनी म्हणजे वाहून नेणारी, एवढंच कळतं. पोकळ आहे का, कडक आहे का, तार आहे का गाडी आहे, काही पत्ता नाही. पेपरात 'जलवाहिनी फुटली' छापून येतं आणि वाचणारा शेजाऱ्याला सांगतो, "पाईपलाईन फुटलीय". म्हणजे मनातल्या मनात भाषांतर करून. सोनाराने नळी फुंकली आणि इकडचं वारं तिकडे गेलं, त्यातली गत! सुवर्णनगरी जळगावचे लोक ही म्हण आपल्यापेक्षा बरी समजतील.

पण जलवाहिनीने फार तर हसू येतं, नुकसान होत नाही. नुकसान जिथे होतं तिथे आता येतो. हा लेख त्यासाठीच लिहायला घेतलाय.

नसबंदी.

पुरुषाच्या या शस्त्रक्रियेत जे कापून बांधतात ती नस नाहीच. ती नळी आहे. शुक्राणूंना वृषणातून पुढे नेणाऱ्या दोन बारीक नळ्या, पाठ्यपुस्तकात शुक्रवाहिनी (पुन्हा वाहिनी!). त्यांच्यातून रक्त वाहत नाही. त्या स्नायूला ताकद देत नाहीत. पुरुषत्वाचे हार्मोन त्यांच्यातून जात नाहीत, ते थेट रक्तात मिसळतात. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, त्यामुळे बाहेरून काही फरकही दिसत नाही. आतलं आधीचं साठलेलं निघून जाईपर्यंत सुमारे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग तपासणी करायची. नळीचं शेवटचं तोंड बंद केलं तरी आधीचं पाणी काही काळ ठिबकतं, हे ठिबकवाल्याला समजावून सांगायला लागेल का?

पण त्याला आपण 'नळी' सांगतच नाही. 'नस' सांगतो. आणि मराठी कानाला नस म्हणजे काय? नस चढते, नस दबते, नस कापली तर माणूस मरतो. नस म्हणजे रक्त, नस म्हणजे जोर. ज्याने आयुष्यभर हा शब्द असाच ऐकलाय त्याला तुम्ही सांगताय, "काही होत नाही, फक्त नस बंद करतो." तो घाबरणार नाही तर काय करेल? "ऑपरेशननंतर जड उचलता येत नाही" ही भीती त्याच्या अडाणीपणातून आलेली नाही. ती तुमच्या शब्दातून अगदी तर्कशुद्धपणे निघालेली आहे. चुकीचं लेबल लावलेल्या बटणाला घाबरणारा युजर मूर्ख नसतो, लेबल लावणारा मूर्ख असतो. हे आपल्याला तरी कळायला हवं, आपण रोज तेच करतो.

आणि भोगतं कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांमध्ये बाईची शस्त्रक्रिया झालेली, पुरुषाची ०.३ टक्क्यांत. बाईचं पोट उघडावं लागतं, पुरुषाचं बिनटाक्याचं काम काही मिनिटांचं. तरी हा हिशेब असा.

लगेच कुणीतरी म्हणेल, हे सगळं एका शब्दामुळे? नाही हो. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या, आणि त्यातल्या कितीतरी बळजबरीच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. ती दहशत आहे. पुरुषी अहंकार आहे, तो तर भरपूर आहे. पण दहशत विसरायला पिढ्या लागतात आणि अहंकार घालवायला त्याहून जास्त. शब्द बदलायला काहीच लागत नाही. जे फुकट आहे तेही आपण केलेलं नाही, माझा राग एवढ्याचाच आहे.

आणि गंमत बघा, बाईच्या बाबतीत डॉक्टर बरोबर बोलतात. "नळ्या मोकळ्या आहेत का बघू", "नळी बंद आहे" हे मराठी दवाखान्यात सर्रास ऐकू येतं. बाईची नळी नळी असते. पुरुषाचीच तेवढी नस होते. का बरं?

आणखी एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो. 'नस' हा काही समितीतला शब्द नाही, तोही लोकांच्या तोंडचाच आहे. मग आता तक्रार कसली? तक्रार ही की नुसतं सोपं असून भागत नाही. शब्द तोंडात बसला पाहिजे आणि वस्तूवरही बसला पाहिजे. जलवाहिनी वस्तूवर बसते, तोंडात बसत नाही. नस तोंडात बसते, वस्तूवर बसत नाही. ठिबक, पोंगा, फुंकणी दोन्हीकडे बसतात. माझी कसोटी एवढीच. यात संस्कृतद्वेष नाही, इंग्रजीद्वेष नाही, बोलीचं आंधळं कौतुकही नाही.

तेव्हा मंडळी, तुमच्यापैकी जे कुणी आरोग्याचं ॲप करतायत, सरकारी फॉर्मचं मराठीकरण करतायत, कुठल्या संस्थेसाठी फुकटात पोस्टर लिहून देतायत, त्यांना एक विनंती. मूळ इंग्रजी ओळीसमोर मराठी शब्द टाकण्याआधी ती वस्तू डोळ्यांसमोर आणा. पोकळ आहे? आतून काही जातं? मग नळी लिहा. 'पुरुषाच्या नळ्या बांधण्याची शस्त्रक्रिया' असं लिहा. लांब झालं? होऊ द्या. कागदोपत्री जुना शब्द ठेवावा लागला तर ठेवा, पण त्याखाली एक ओळ टाका: यात रक्ताची नस कापत नाहीत. स्क्रीनवर चार शब्द जास्त गेले म्हणून कुणाची ताकद जात नाही.