जांघेतली कळ आणि आपली डोळेझाक

कोरोनाच्या लाटांत महाराष्ट्र रोज संध्याकाळी दोन आकडे पाहत होता: गेले किती आणि घरी परतले किती. परतलेल्यांपैकी ज्यांच्या खुब्याचे हाड पुढे आतून मरत गेले, त्यांच्यासाठी रकाना कुणी आखलाच नाही. तो आखावा असे आपल्यातल्या कुणालाही वाटले नाही, हा माझा या समाजावरचा आरोप आहे.

२०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी चाळिशीच्या आतल्या अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघांनाही कोरोनात स्टेरॉइड दिले होते. मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक. स्टेरॉइडने आणि आजारात रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीने त्या बुजल्या की हाड उपाशी मरते, आणि एक दिवस शरीराच्या भाराने खचते. एरवी हे दुखणे उमटायला सहा महिने ते वर्ष लागते. या तिघांत कोरोनाच्या निदानापासून सरासरी ५८ दिवसच लागले.

स्टेरॉइडने जीव वाचवले, हे मी नाकारत नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस दिले, तर प्राणवायू किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांचे मृत्यू घटतात. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. पण आपण काय केले? एकाच्या औषधांची चिठ्ठी मोबाइलवरून साऱ्या भावकीत फिरवली. औषधाच्या दुकानांनी चिठ्ठी न मागता गोळ्या दिल्या. ‘थांबा, ताप उतरेल’ म्हणणारा डॉक्टर आपल्याला अडाणी वाटला आणि पहिल्याच दिवशी जोरकस औषध देणारा देवमाणूस ठरला. रुग्ण दुसरीकडे जाईल या धास्तीने कित्येक डॉक्टरांनीही हात सैल सोडला. भीती खरी होती, माणसे डोळ्यांदेखत जात होती. तरीही गरज नसलेल्या तरुण देहांत ते औषध ओतण्याचे पाप त्या भीतीने धुऊन निघत नाही.

पुढचे वागणे तर त्याहून निर्दय. हे दुखणे जांघेत कळ येऊन सुरू होते, कधी ती गुडघ्यापर्यंत उतरते. मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही. सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही. दिसते ते एमआरआयमध्ये, आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी एमआरआय नाही. मग ‘फोटो तर स्वच्छ आहे’ एवढ्या एका वाक्यावर आपण माणसाला खोटा ठरवतो. मुकादम म्हणतो, कामचुकार. सासू म्हणते, कोरोना होऊन जमाना झाला, अजून कसले दुखणे? ऊसतोड करणारी, लोकांकडे धुणीभांडी करणारी बाई कळ दाबत वाकत राहते, आणि ज्या महिन्यांत हाड औषधाने व भार टाळून वाचू शकले असते, ते महिने आपल्या संशयात जातात. हाड खचले की उरतो तो खुबा बदलण्याचा मार्ग. तिशीतल्या माणसावर ती शस्त्रक्रिया आयुष्यात पुन्हाही करावी लागू शकते.

स्नायूंचे हाल वेगळे सांगायला हवेत. खाटेवर पडून आणि स्टेरॉइडने मांड्या वाळतात, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. रुग्णाला घरी पाठवताना गोळ्यांची पिशवी मिळाली, पण पायांत बळ परत कसे आणायचे हे बहुतेकांना कुणी शिकवले नाही. आजारातून उठलेल्या घरच्या बाईच्या ताटात अंडे, डाळ, दूध पुरेसे पडते का, हे तर घरातही कुणी पाहिले नाही.

२२ मार्च २०२० ला आपण डॉक्टर-परिचारिकांच्या कौतुकासाठी वस्तीवस्तीत थाळ्या वाजवल्या. त्याच वस्त्यांत नंतर रुग्णाच्या दाराकडे पाठ फिरवली, आणि कलंकाच्या भयाने कित्येक घरांनी दवाखान्याची फाईलच नाहीशी केली. आज खुबा दुखतो तेव्हा कोणते औषध, किती दिवस घेतले, हे सांगायला कागद नाही. ज्याच्या घरात तो कागद अजून असेल, त्याने तो काढावा आणि जांघ दुखणाऱ्या माणसाला घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. कागद नसेल तर स्टेरॉइड घेतल्याचे तोंडाने सांगावे, एमआरआयची गरज आहे का हे स्पष्ट विचारावे. आणि मुकादमाने तोवर त्या दुखणाऱ्या माणसाच्या डोक्यावरची मोळी उतरवून घ्यावी, रोजंदारी न कापता.