मजुरी म्हणजे जकात नव्हे

मोठ्या कंपन्यांमध्ये हल्ली कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणी बरं वाटावं म्हणून खास अधिकारी नेमतात. आमच्या दिघोरीकडे, धानाच्या पट्ट्यात, कामाची जागा म्हणजे राइस मिल, कापडाचं दुकान, गॅरेज, नाहीतर घरात मांडीवर घेतलेलं विड्यांचं सूप. इथे असा अधिकारी कुठून येणार? पण प्रश्न तोच आहे. आपल्याकडे राबणाऱ्याला आपण कसं वागवतो?

गेल्या रमजानची गोष्ट. ओळखीचा एक मुलगा कापड दुकानात कामाला. रोजा ठेवून सकाळी दहा ते रात्री अकरा उभा. दोन महिन्यांचा पगार थकलेला. ईदच्या तोंडावर मालकाने हातात पाकीट ठेवलं, "जकातीचे आहेत, ईद कर." पगाराचं विचारलं तर उत्तर आलं, "अरे, तू घरचाच आहेस!"

मालक पाच वेळचे नमाजी. म्हणूनच हे लिहितो आहे.

जकात कोणाला द्यायची, ते आठ प्रकार कुरआनने सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. गरीब कामगाराला जकात जरूर द्यावी, पण ती पगाराच्या किंवा ठरलेल्या बोनसच्या बदल्यात चालत नाही. पगार हे त्याचं आपल्यावरचं कर्ज आहे. कर्ज फेडून कोणी दानशूर होत नाही. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. काम पुरं करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह उभा राहील, ही बुखारीतली हदीस मात्र सहसा सांगत नाही.

माझी दादी विड्या वळायची. ठेकेदार काही विड्या खराब ठरवून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे द्यायचा नाही आणि त्या विड्या परतही करायचा नाही. स्वतः घेताना पुरेपूर मापणारे आणि देताना माप मारणारे, त्यांच्यासाठी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे. विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा झाला, पण कायद्याचा माणूस दादीच्या ओसरीपर्यंत कधी आला नाही.

मालक म्हणतात, धंदा मंद आहे, धान विकल्याशिवाय उधारी येत नाही. खरं आहे. पण घाऊक व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर जातात, दुकानाचं भाडं जातं. मग थांबायचं ते फक्त ज्याला भांडता येत नाही त्यानेच का? आणि 'घरचाच' म्हणता, तर स्वतःच्या मुलाला तेरा तास उभं ठेवाल का?

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने-आस्थापना कायदा आला तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं त्याच्या बहुतेक तरतुदींबाहेर राहिली. तिथे इन्स्पेक्टर येणार नाही. तिथे ईमानच कामाला यायला हवं.

मागणं फार नाही. पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. कामाचे तास ठरवा. आठवड्याची सुट्टी द्या. बसायला स्टूल द्या. केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांसाठी हे कायद्यात घातलं. बायका कामाला असतील तर शौचालयाची सोय करा. आणि मशिदीच्या कमिट्यांनी रमजानचे किट वाटण्याआधी देणगीदाराला एवढंच विचारावं: भाईजान, तुमच्या नोकरांचा पगार झाला का?